टी-शर्ट नको, मॅट द्या

मंडळी, पोस्ट जरा लांबलीय, पण जयगडकरांनी तरी वाचाच.

२९ डिसेंबर २०२४ ची रात्र. पुण्यात बालेवाडीला प्रो कबड्डीची फायनल आणि इथे नाक्यावरच्या टपरीत एका मोबाईलभोवती आठ-नऊ डोकी. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. एक पोरगा म्हणाला, "दादा, ही टीम आपल्या पॉवर हाऊसवाल्यांचीच ना?"

बरोबर होतं त्याचं. स्टीलर्स जेएसडब्ल्यूची. बंगळुरू एफसीही त्यांचीच, दिल्ली कॅपिटल्समध्ये अर्धी भागीदारी. आणि आपलं १२०० मेगावॅटचं वीजकेंद्र, बंदर, तेही याच समूहाचं. पोरगा लगेच म्हणाला, "मग आपल्या पोरांना काय?" मी चहा पीत राहिलो. पत्रकार ना मी!

घरी येऊन कायदा काढला. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. जिथे कारखाना, त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलंय. मात्र जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप यात धरता येत नाही. मॅरेथॉनसारखे एका दिवसाचे इव्हेंटही नाहीत. म्हणजे टीम हा धंदा, तो त्यांनी खुशाल करावा. गावाचा हक्क या दुसऱ्या खिशावर.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने (नाव नको) एका शाळेत खेळाचे टी-शर्ट वाटले. मी बातमी केली, 'ग्रामीण खेळाडूंना बळ'. मथळासुद्धा प्रेसनोटमधलाच. शाळेला मैदान आहे का, शिकवायला कोण आहे, काही विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात तेच टी-शर्ट घालून पोरं आंबे उतरवताना दिसली. फोटो मात्र माझ्या फाईलला अजून आहे.

टी-शर्टने कबड्डी येत नाही हो. आपली पोरं लाल मातीत तयार होतात. पाणी मारून, चोपून केलेलं मैदान, अनवाणी पाय. मोठी स्पर्धा मॅटवर, बूट घालून. पहिल्या चढाईतच पाय फसतो. शिवाय जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. चार महिने सराव बंद म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. एकेकाळी कबड्डीवर मुंबईत रेल्वेत, बँकेत, कंपनीत नोकऱ्या लागायच्या. घरं उभी राहिली त्यावर. म्हणून हा नुसता खेळाचा विषय नाही.

होऊ शकतं का? बल्लारीजवळ विजयनगरला याच समूहाच्या पोलाद कारखान्याशेजारी २०१८ मध्ये इन्स्पायर इन्स्टिट्यूट उभी राहिली. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडो, अॅथलेटिक्स. अनेक कंपन्यांचा सीएसआर त्यात आहे. आपण एवढं मोठं मागतच नाही. छप्पर, १३ बाय १० मीटरची मॅट आणि वर्षभर पगारी कोच.

कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण सीएसआरचा तपशील वार्षिक अहवालात आणि वेबसाईटवर द्यावाच लागतो. तो मी प्रिंट करून आणतोय. येत्या ग्रामसभेत अर्ज ठेवू. मंडळांच्या अध्यक्षांनो, शिक्के घेऊन या. आणि त्या दिवशी टपरीवर होतात ते सगळे आलात तर बरं, सह्या कमी पडायला नकोत.