बव्हेरियातील हिमसंत

दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया हा परंपरेने कॅथोलिक प्रांत. त्याची राजधानी म्युनिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटर उंचीवर, आल्प्स पर्वताच्या उत्तरेस वसली आहे. वसंत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाडाला आलेले आंबे व तापलेले अंगण उभे राहते. तिकडचा वसंत मात्र मोठा लहरी. सकाळी ऊन, दुपारी गारा आणि रात्री गोठलेले पाणी, असे एप्रिलात एकाच दिवशी घडू शकते.

शहरांच्या कडेला आम्हांस भाड्याच्या लहान लहान बागांच्या रांगा दिसल्या. ज्यांच्या घराला अंगण नाही अशी कुटुंबे तेथे भाजीपाला व फुले लावतात. मार्चात घरात खिडकीपाशी टोमॅटोचे बी रुजवावयाचे व रोपे मोठी झाली की वाफ्यात लावावयाची, ही तेथील रीत. नवख्याची कसोटी येथेच लागते. एप्रिलात चार दिवस ऊब आली की रोपे बाहेर लावण्याचा मोह होतो. पण टोमॅटो, घेवडा, भोपळा यांना एका रात्रीचे गोठणेही सोसत नाही. सकाळी पाने काळवंडून लोंबतात व दोन महिन्यांची मेहनत मातीस मिळते.

अशा वेळी जुनीजाणती माणसे नवख्यास एकच प्रश्न विचारतात, "संत होऊन गेले का?" हे संत म्हणजे पांक्रास, सर्वातियस, बोनिफास व सोफिया. त्यांचे सण अनुक्रमे १२ ते १५ मे रोजी येतात. लोक त्यांना 'हिमसंत' म्हणतात व शेवटच्या संतेला 'थंड सोफी'. हे सण उलटल्यावाचून नाजूक रोप मातीत लावू नये, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे. संत थंडी पाडतात असे नव्हे. त्यांचे सण म्हणजे शेतकऱ्याच्या स्मरणाच्या गाठी होत. शिवाय पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारताना दहा दिवस गाळले. त्यामुळे ऋतूच्या मानाने हे सण आता अलीकडे येतात. म्हणून सावध माणसाने सोफीनंतरही काही दिवस आकाश पाहावे, हे बरे.

आकाश पाहावयाचे ते मात्र उलट्या दृष्टीने. निरभ्र, वारा पडलेली रात्र तेथे वैरीण ठरते. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीची ऊब निघून जाते आणि थंड, जड हवा सखल जागी साचते. तेव्हा वाफा खोलगट जागी करू नये; रोपे काही दिवस दिवसा बाहेर व रात्री घरात ठेवून काटक करावीत; सारी एकदम लावू नयेत; आणि शंका येताच संध्याकाळी कापड पांघरावे.

मुरलेल्या बागाइतदारासही हा ऋतू चकवतो. २०१७ साली मार्च उबदार गेला, फळझाडे लवकर फुलली, आणि एप्रिलातील गोठत्या रात्रींनी जर्मनीतील सफरचंदांचा मोहोर व द्राक्षांचे कोवळे कोंब करपून गेले. घात केला तो आधीच्या उबेने.

आपल्याकडे दव गोठण्याचे भय सहसा नाही. पण पहिल्या वळवाला भुलून पेरणी करणाऱ्याचे बियाणे कसे वाया जाते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. म्हणून आपले वडीलधारे मृगाची वाट पाहतात. वळीव म्हणजे पावसाळा नव्हे आणि चार उबदार दिवस म्हणजे वसंत नव्हे. बव्हेरियातील नवखा हेच हिमसंतांच्या सणांवरून शिकतो.