घरची मनी आणि पाहुणा मोती

दोन माणसें सदोदित भांडूं लागलीं कीं आपण त्यांना कुत्र्यामांजरांची उपमा देतों. या उपमेला आधार किती जुना आहे, याचा एक मौजेचा पुरावा आतां पाकिस्तानांत असलेल्या सिंध प्रांतांत मिळाला आहे. १९३५-३६ सालीं अर्नेस्ट मॅके या संशोधकाच्या देखरेखीखालीं तेथील चान्हुदडो या ठिकाणीं उत्खनन झालें. त्यांत सिंधुसंस्कृतीच्या काळची, म्हणजे चार हजार वर्षांहून अधिक जुनी, एक वीट सांपडली. ती ओली असतांना तिच्यावरून आधीं एक मांजर गेलें व त्याच्या पाठोपाठ एक कुत्रें गेलें. मांजराच्या ठशावर कुत्र्याचा ठसा थोडासा चढला आहे, आणि ते ठसे असे रुतले आहेत कीं दोघेंहि वेगानें धांवत असावीं, असें अनुमान काढण्यांत आलें. पुढें मांजर झाडावर चढलें कीं कुत्र्याच्या तावडींत सांपडलें, तें मात्र विटेवरून कळत नाहीं.

संस्कृताच्या तासाला आम्हांला समासाचा एक नियम शिकविला आहे. ज्या प्राण्यांचें वैर नित्याचें, त्यांच्या नांवांचा द्वंद्व समास पाणिनीच्या नियमानें एकवचनी होतो. उदाहरणें देतात तीं ‘अहिनकुलम्’ आणि ‘मार्जारमूषकम्’ अशीं. म्हणजे साप मुंगुसाच्या शेजारीं आणि मांजर उंदराच्या शेजारीं. पण उंदीर हें मांजराचें अन्न आहे. मांजर हें कांहीं कुत्र्याचें अन्न नव्हे. मग या दोघांचें वैर कशाचें? तासाला बसून हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटींत तो चार पायांनीं चालत आमच्या घरीं आला.

आमचें घर गुहागरास आहे. ज्या वाचकांनीं हें गांव पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: समुद्राच्या कांठीं लांबच लांब वाळूची पुळण, तिला लागून सुरूचीं झाडें, मग नारळीपोफळींचीं आगरें, आगरांत घरें आणि घरांपुढून जाणारा व्याडेश्वराच्या देवळाकडचा रस्ता. घर जुनें, चिऱ्याचें व कौलारू. पुढें खळें, मग पडवी, ओटी, माजघर, आणि माजघरावर माळा. कागदोपत्रीं हें घर आजीच्या नांवें आहे. प्रत्यक्षांत तें मनीचें आहे. मनी ही आमची करड्या रंगाची मांजरी, आठ वर्षांची. तिची मुलगी चिंगी सव्वा वर्षाची असून सध्यां आईच्या हाताखालीं उमेदवारी करते. भाताच्या कणगीला उंदीर लागत नाहीं तो या दोघींमुळें, आणि उंदीर नाहींत म्हणून सापहि फिरकत नाहीं, असें आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

बाबांच्या एका चिपळूणच्या स्नेह्यांची नागपुरास बदली झाली. त्यांच्याकडे दहा महिन्यांचा एक लहानसा पांढरा कुत्रा होता. बाजारांत या जातीला सरसकट पामेरियन म्हणतात. जाणते लोक इंडियन स्पिट्झ म्हणतात. नव्या बिऱ्हाडीं त्याची सोय होईना, म्हणून बाबांनीं तो आणिला. नांव मोती. अंगावरच्या केंसांत तो मोठा दिसे. न्हाऊं घातल्यावर मात्र मनीएवढाच उरे.

आतां एवढ्याशा कुत्र्याला पडवींत बांधून ठेवलें असतें तर प्रश्नच मिटला असता, असें कोणी म्हणेल. परंतु कोंकणांत रात्रीं बिबट्या वस्तींत येतो तो पुष्कळदां कुत्र्याच्याच वासावर. मोतीला पडवींत बांधणें म्हणजे बिबट्याला पान वाढून ठेवणें! तो घरांतच निजणार हें ठरलेलें होतें, आणि घरांत मनी होती.

बाबा त्याला घेऊन सरळ माजघरांत चालले, तेव्हां आजीनें त्यांना ओटीवरच अडविलें. ती म्हणाली, “अरे, नवी सून घरांत येते तीसुद्धां उंबऱ्यावर थांबते, माप ओलांडते, मग आंत पाऊल टाकते. ह्याला एकदम चुलीपाशीं कुठें नेतोस?” दुसऱ्या दिवशीं पशुवैद्यांनीं जें सांगितलें तें आजीच्या बोलण्याशीं तंतोतंत जुळलें. तिघांनाहि रेबीजची लस टोंचून घ्या, आणि पहिले कांहीं दिवस एकमेकांचें तोंड पाहूं देऊं नका. आधीं वासाची ओळख होऊं द्या, असें ते म्हणाले.

त्याप्रमाणें पडवीलगतची खोली मोतीला दिली आणि बाकीचें घर मांजरांकडे राहिलें. रोज संध्याकाळीं मोतीच्या निजण्याचें पोतें मी माजघरांत नेऊन टाकीं व मनीची गोधडी मोतीच्या खोलींत ठेवीं. मोती गोधडीवर लोळून मोकळा होई. मनीचें तसें नव्हतें. ती पोत्याभोंवतीं हातभर अंतरानें फिरली, मान पुढें काढून वास घेतला आणि तोंड अर्धवट उघडें ठेवून एखाद्या समीक्षकाप्रमाणें स्तब्ध उभी राहिली. मांजराच्या टाळूंत नाकाखेरीज वास घेणारें आणखी एक इंद्रिय असतें. तोंड उघडून तें त्याचा उपयोग करतें. मग ती पोत्याला पाठ करून निघून गेली. चिंगी मात्र तिसऱ्या दिवशीं त्याच पोत्यावर झोंपलेली आढळली.

पुढची पायरी जेवणाची. मधलें दार बंद ठेवून अलीकडे मोतीची थाळी व पलीकडे मांजरांच्या वाट्या ठेवावयाच्या, आणि दररोज दोन्ही बाजूंनीं दाराकडे वीतभर सरकवावयाच्या. पलीकडचा वास आणि पोटभर अन्न यांची मनांत सांगड पडावी, हा हेतु. वाट्या वेगळ्या ठेवण्याचें आणखी एक कारण होतें. टॉरीन नांवाचें एक द्रव्य मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं, तें मांसमासळींतूनच मिळवावें लागतें. कुत्र्याचें शरीर तें सामान्यतः स्वतः बनवितें. म्हणून मनीची तारली मोतीनें लांबविली तर नुकसान मनीचें. त्यांतून १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते व मग ताजी मासळी दुर्मिळ, हें ध्यानांत घेऊन आई तारल्या मोजून वाढीत असे.

दहाव्या दिवशीं दार चार बोटें उघडलें. मोती दोरीला बांधलेला होता. त्यानें मनीला पाहिलें मात्र, पुढचे पाय जमिनीला टेंकवून मागचें अंग उंच केलें आणि शेंपटी जोरानें हलवूं लागला. कुत्र्यांच्या भाषेंत याचा अर्थ, “चल, खेळूं.” मनीनें काय पाहिलें? तिच्या भाषेंत शेंपटी झटकणें म्हणजे राग, आणि दबा धरणें म्हणजे झडप. तिनें पाठीची कमान केली, केंस उभे केले व फिसकारली. उलट ज्या वेळीं मनी खरोखर प्रसन्न असते, तेव्हां तिची शेंपटी काठीसारखी सरळ वर असते. आणि ताठ उभी शेंपटी कुत्र्याला अरेरावीची वाटते. मला तर वाटूं लागलें कीं चान्हुदडोच्या विटेवरची ती पळापळहि अशाच एखाद्या चुकीच्या भाषांतरानें सुरू झाली असेल. अर्थात् हें माझें अनुमान; मॅकेसाहेबांच्या माथीं तें मारूं नये.

तीन आठवडे होत आले. आतां दार अर्धें उघडें राही, आणि मोती दिसला तरी मनी वाटींतून तोंड काढीत नसे. तेवढ्यांत एके दिवशीं दुपारीं वळवाचा पाऊस आला. वारा असा सुटला कीं पडवीची झडप निसटली, मधल्या दाराची कडी उडाली, आणि वरून वीज कडाडली. मोतीनें भेदरून मानेंतला पट्टा काढून घेतला व माणसांच्या आसऱ्यासाठीं तो माजघरांत घुसला. मनी नेमकी वाटेंत होती. तिला कोण कशाला पळतो याचा विचार करण्यास सवड कोठें! ती माळ्यावर गेली, कौलांच्या फटींतून बाहेर पडली आणि पावसांत दिसेनाशी झाली.

ती त्या रात्रीं आली नाहीं. दुसऱ्या रात्रींहि आली नाहीं. आम्ही बॅटरी घेऊन गडग्याच्या कडेनें फिरलों, पोफळींत पाहिलें, सुरूच्या बनापर्यंत हांका मारीत गेलों. बिबट्या मांजरालाहि सोडीत नाहीं, हें घरांत प्रत्येकाला ठाऊक होतें आणि कोणीहि तें उच्चारीत नव्हतें. आजी जेवायला बसली, पण मनीची वाटी शेजारीं पाहून तिनें घास खालीं ठेवला. मग ती शांतपणें म्हणाली, “मुक्या जिवावर माझा राग नाहीं. पण सुटी संपेपर्यंत मनी पहिल्यासारखी माजघरांत निजली नाहीं, तर ह्याला दुसरें घर बघायचें.” बाबा कांहीं बोलले नाहींत. मोती खोलींत पोत्यावर पडून होता. आपल्याविषयीं बोलणें चाललें आहे हें कुत्र्यांना कसें कळतें कोण जाणे, त्यानें त्या रात्रीं थाळीला तोंड लाविलें नाहीं. नागपूरचें दार बंद झालेलें, आणि येथलेंहि लागण्याच्या बेतांत. दहा महिन्यांच्या पिलाला तिसरें घर कोण देणार, हा विचार करीत मी बराच वेळ जागा होतों.

तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीला पलीकडच्या बंद घराच्या पडवींत मनी दिसली. त्या घरचीं माणसें मुंबईस असतात व गणपतीला तेवढीं येतात. अशीं घरें आमच्या बाजूस पुष्कळ आहेत. मी जवळ जातांच ती माडाआड झाली. तेव्हां आजी उठली, मनीची वाटी घेतली आणि चमच्यानें ती वाजवीत आगरांतून हळूहळू घराकडे चालूं लागली. एकदांहि मागें वळून पाहिलें नाहीं. मनी दहा हात अंतर राखून तिच्यामागून आली व थेट माळ्यावर गेली.

सगळें पुन्हां पहिल्यापासून आरंभिलें. यावेळीं बाबांनीं ओटीच्या भिंतीला एक फळी ठोकली व तिच्यावरून माळ्यापर्यंत वाट करून दिली. वाटेल तेव्हां वर जातां येईल अशी खात्री असली म्हणजे मांजर सहसा पळत नाहीं, उंचावर बसून पाहतें. मोतीसाठीं दुसरा उपाय होता: तो दमलेला असावा. मी त्याला पहाटे पुळणीवर धांवायला नेऊं लागलों, तेंहि लांब दोरी बांधून. हिंवाळ्यांत याच पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालतात. मोकाट कुत्रीं तीं उकरतात म्हणून वनखात्याचीं माणसें तीं कुंपणांत नेऊन जपतात. दोरीची संवय आतांपासूनच बरी, असें बाबांचें म्हणणें पडलें.

पशुवैद्यांनीं आम्हांला एक दिलासा दिला. २००८ सालीं तेल अवीव विद्यापीठांतील संशोधकांनीं कुत्रींमांजरें एकत्र असलेल्या कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. घरांत मांजर आधीं आलेलें असावें, आणि मांजर सहा महिन्यांच्या व कुत्रें वर्षाच्या आंत असतांना त्यांची गांठ पडावी, म्हणजे त्यांचें बहुधा चांगलें जमतें. इतकेंच नव्हे तर तीं एकमेकांच्या खुणांचा अर्थहि लावूं लागतात, असें त्यांना आढळलें. मीं मनाशीं हिशेब केला. मनी आधीं आलेली. मोती वर्षाच्या आंतला. उरली मनीच्या वयाची अट, आणि तेथें सहा महिने व आठ वर्षें यांची तडजोड होण्यासारखी नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत ती गोष्ट घडली. मोती ओटीवर आखूड दोरीनें बसलेला, मी शेजारीं. मनी फळीवरून खालीं उतरली, सावकाश, एकेक पाऊल मोजीत. मोतीची शेंपटी हलूं लागली. मनी थांबली. मीं “बस” म्हटलें आणि मोती पोट टेंकून आडवा झाला, शेंपटीसुद्धां थांबली. मनी त्याच्या नाकाशीं आली, वास घेतला, आणि उजव्या पंजानें त्याच्या नाकावर एक चापट दिली. नखें आंत होतीं. मोतीनें डोळे मिटून तोंड बाजूला वळविलें. मग ती त्याच्यासमोर बसून शांतपणें आपला पंजा चाटूं लागली. आजी माजघराच्या दारांत उभी राहून पाहत होती. ती एवढेंच म्हणाली, “ओलांडलें हो माप!”

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्रीं पाऊस कोसळत होता. मनी माजघरांत कणगीच्या बुडाशीं निजली होती. मोती तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि चिंगी बेशक मोतीच्या पोटाशीं. दुसऱ्या दिवशीं मी निघालों. पुढें श्रावणांत आजीचा फोन आला. मनीनें आतां मोतीचेंच पोतें बळकाविलें असून तो बिचारा उघड्या जमिनीवर निजतो, तेव्हां येतांना एखादें जाडसें पोतें घेऊन ये, असें तिनें सांगितलें.