बाची पेटी

दिवाळीची चार दिवस सुट्टी. इचलकरंजीतले माग बंद. बोनस हातात, पण बा जाऊन महिनाबी झाला नव्हता. आय म्हणाली, "पेटी तरी मोकळी कर."

पत्र्याची पेटी. दोन सदरे, चष्मा, बाबासाहेबांचा फोटो, मुंबईच्या गिरणीतला बदलीचा पास. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला नि बा गावी आला तो कायमचाच. तळाला फडक्यात गुंडाळलेला एक धोटा.

आमच्यात धोटा कुठला? आजा तर जन्मभर रिंगखात्यात. नवी कांडी घातली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचं. महाराची थुंकी लागेल म्हणून आपल्या माणसांना साच्यावर घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना याचाच जाब विचारला होता.

आय म्हणाली, "आजानं चोरबाजारातनं आणला हुता. म्हणायचा, ज्येला हात लावू दिला न्हाई, त्यो घरात ठिवणार."

मी मागावर कामाला लागलो त्या रात्री बा झोपला नव्हता. अंगणात बसून होता. मला वाटलं, पोरगा शिकला नाही म्हणून रागावलाय. आज धोटा हातात घेतला नि ती रात्र कळली. माझ्या कविता मी गावभर ऐकवल्या, बाला मात्र एक प्रश्न विचारला नाही.

बाहेर फटाके वाजतायत. आय भिंतीला टेकून बसलीय.

दोस्तांनो, मोर्चात आपण सगळ्या देशाला इतिहास विचारतो. घरी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री त्याच्याजवळ बसा.