शब्दकोश घेण्याआधी गाव विचारा

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये परदेशी जाण्याचा विषय निघाला तर कोणाला नवल वाटत नाही. मुंब्रा-कौसा असो, भिवंडी असो की कल्याणचा दूधनाका, पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आखातात किंवा बोटीवर असते. कल्याण तर जुने बंदरच. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे. आता आपली मुले-मुली डॉक्टरकी शिकायला फिलिपीन्सलाही जाऊ लागली आहेत. आमच्या बहिणीच्या मुलीचे तिकडे जायचे ठरले आणि घरात प्रश्न आला : तिला तिथल्या भाषेचा हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक शब्दकोश घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

“मामू, तिकडे कॉलेजात सगळे इंग्रजीतच शिकवतात ना?” भाचीचा पहिला सवाल हा होता. तो खरा आहे. फिलिपीन्सच्या 1987 च्या राज्यघटनेनुसार फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही तिथल्या अधिकृत भाषा आहेत. फिलिपिनो ही तागालोगवरच उभी आहे. पण रुग्ण काही पुस्तकातले इंग्रजी बोलत येत नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार परदेशात शिकणाऱ्याला किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून पुरा करून शिवाय त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. म्हणजे वर्षभर खाटेजवळ उभे राहून म्हाताऱ्या बाईला “कुठे दुखते?” असे विचारायचे आहे. ती “दिबदिब” म्हणाली तर छाती, “तियान” म्हणाली तर पोट, “लाग्नात” म्हणाली तर ताप. इथे शब्द चुकला तर इलाज चुकतो.

आम्ही ठाण्याच्या स्टेशन रोडपासून सुरुवात केली आणि डोंबिवली, कल्याण असे हिंडलो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत आम्हाला तागालोगचे यंत्र कुठे मिळाले नाही. एका दुकानदाराने बाहेरून मागवून देतो म्हटले आणि खोक्यावर किती लाख शब्द लिहिलेले असतात ते सांगू लागला. जुनी पुस्तके विकणाऱ्या एका वयस्कर चाचांनी मात्र वेगळेच विचारले, “मुलगी कोणत्या गावी जाणार?” आम्ही दावाओ म्हणालो. ते म्हणाले, “मग आधी तिथे घरात कोणती बोली चालते ते शोधा. कौशातल्या माणसाला मालवणी कोश देऊन काय उपयोग?”

त्या एका प्रश्नाने आमचे पैसे वाचले. दावाओ हे दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचे शहर. भारतीय वैद्यकीय विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने आहेत. पण तिथल्या घरात आणि बाजारात मुख्यतः सेबुआनो चालते, जिला लोक बिसाया म्हणतात. तागालोग समजते, मिसळूनही बोलतात, पण ती मनिला आणि आसपासच्या प्रदेशाची भाषा. दोन्हींत पुष्कळ शब्द सारखे आहेत आणि काही फसवे. ‘लांग्गाम’ म्हणजे तागालोगमध्ये मुंगी, सेबुआनोत पक्षी. तागालोगमधली छाती ‘दिबदिब’, सेबुआनोतली ‘दुघान’. तागालोगमधला ताप ‘लाग्नात’, सेबुआनोतला ‘हिलानात’. मनिलाला जाणाऱ्याने तागालोगचा कोश घ्यावा. दावाओ किंवा सेबूला जाणाऱ्याने सेबुआनो आहे की नाही हे आधी पाहावे.

दुसरी परीक्षा व्याकरणाची. तागालोगमध्ये मूळ शब्दाला पुढे, मागे आणि मध्येही अक्षरे जोडली जातात. ‘काइन’ म्हणजे खाणे. ‘कुमाइन’ म्हणजे खाल्ले, ‘कुमाकाइन’ म्हणजे खात आहे, ‘काकाइन’ म्हणजे खाणार. मकतबात अरबी शिकलेल्या मुलांना ही गोष्ट चटकन कळेल. क-त-ब या मूळ अक्षरांपासून किताब, कातिब, मकतब होतात. मूळ अक्षरांनुसार लावलेल्या अरबी कोशात ‘मकतब’ मीमखाली शोधून सापडत नाही, काफखाली सापडतो. तागालोगचेही तसेच आहे. म्हणून यंत्र किंवा ॲप हातात घेतले की ‘कुमाकाइन’ टाइप करून पाहावे. ते ‘काइन’पर्यंत पोहोचले तर कामाचे. “शब्द सापडला नाही” म्हणाले तर खोक्यावरच्या लाख शब्दांचा काही फायदा नाही, कारण समोरचा माणूस मूळ शब्द बोलत नसतो.

तिसरी परीक्षा उच्चाराची. ‘बुकास’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ ‘उद्या’, दुसऱ्यावर दिला तर ‘उघडे’. औषधाचे दुकान उघडे आहे की उद्या यायचे, हा फरक एवढ्या जोरावर आहे. रोजच्या लिखाणात हा जोर दाखवत नाहीत. म्हणून कोशात जोराची खूण तरी हवी, नाहीतर आवाज हवा, आणि आवाज खऱ्या माणसाचा असेल तर फारच चांगले.

चौथी गोष्ट आपल्या ताटाची. ‘मानोक’ म्हणजे कोंबडी, ‘इस्दा’ म्हणजे मासा, ‘बाका’ म्हणजे गाय किंवा गोमांस, आणि ‘बाबोय’ म्हणजे डुक्कर. हे चार शब्द विमानात बसण्याआधी तोंडपाठ हवेत. ‘लेचोन’ म्हणजे अख्खे भाजलेले डुक्कर, हेही लक्षात ठेवावे. सर्वांत सांभाळायचा शब्द ‘मांतिका’. तो स्पॅनिशमधून आला. तिथे त्याचा अर्थ प्राण्याची चरबी. आज फिलिपीन्समध्ये साध्या खाण्याच्या तेलालाही मांतिका म्हणतात आणि चरबीलाही. जो कोश एकच अर्थ देतो तो हलाल-हरामच्या बाबतीत अर्धवट. अशा ठिकाणी कोशावर न थांबता विचारून घेणे बरे. मिंदानावमध्ये मुसलमानांची जुनी वस्ती आहे. बांगसामोरो हा त्यांचा स्वायत्त प्रदेश 2019 मध्ये अस्तित्वात आला. दावाओ त्या प्रदेशात येत नाही, पण बेट तेच आहे.

मग यंत्र की मोबाईल? छोट्या यंत्राला इंटरनेट लागत नाही आणि वर्गात ते वाजतही नाही. पण त्यातले शब्द कारखान्यात भरले तेवढेच राहतात आणि बिघडले तर आपल्याकडे दुरुस्त करणारा मिळणे कठीण. मोबाईलमधले भाषांतराचे ॲप घरीच पूर्ण उतरवून घ्यावे, मग मोबाईल विमान मोडवर टाकून तपासावे. नेट बंद असताना चालले तरच ते खरे सोबती. पूर्ण वाक्याचे भाषांतर मात्र रुग्णाजवळ आंधळेपणाने वापरू नये.

अभ्यासाला कागदी कोशच भारी. लिओ जेम्स इंग्लिश या ऑस्ट्रेलियन पाद्रींचा तागालोग-इंग्रजी कोश 1986 मध्ये निघाला. त्यात शब्दांसोबत वापराची वाक्येही आहेत. सेबुआनोसाठी जॉन वोल्फ यांचा 1972 चा मोठा कोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. कोश वाचायची सवय मात्र इथेच लावावी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. मुलांना एक दुपार वाचनालयात बसवून कोणत्याही चांगल्या कोशाची प्रस्तावना आणि खुणांची यादी वाचायला लावली तर पुढचे सोपे जाते.

कामाच्या जागेप्रमाणे कोश करण्याची रीत जुनी आहे. आपल्या कोकणचे खलाशी, टंडेल, सारंग इंग्रजी गलबतांवर होते तेव्हा त्यांच्याशी बोलता यावे म्हणून थॉमस रोबक या अधिकाऱ्याने 1811 मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला. त्यात डोल, शीड, नांगर यांचे शब्द होते, कारण डेकवर तेच लागत.

भाचीसाठी आम्ही शेवटी यंत्र घेतले नाही. मोबाईलवर दोन्ही भाषा, सेबुआनोचा मोफत कोश आणि एक शंभर पानी वही. वहीत तिने तीन भाग केले : दवाखाना, बाजार, जेवण. ओळखीचे शब्द सापडले की ती खूश होते. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘साबोन’ म्हणजे साबण, ‘बाल्दे’ म्हणजे आपली बालदी, आणि ‘सालामात’ म्हणजे धन्यवाद, जो अरबी ‘सलामत’वरून गेलेला शब्द. रोज पाच शब्द ती आपल्या अम्मीला म्हणून दाखवते. जायला चार महिने आहेत. इन्शाअल्लाह, तोवर सहाशे होतील.