चुलीपासून दारापर्यंत

रजा प्रवास सवलतीचा अर्ज पुढे ठेवला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "जानेवारीत लडाख? लोक मे महिन्यात जातात हो!" खरेच होते ते. पण आमच्या वस्तीतील विहारात वर्षावासाला राहून गेलेले एक लडाखी भंतेजी म्हणाले होते, "डोंगर पाहायचे तर उन्हाळ्यात या. माणसे पाहायची तर हिवाळ्यात या, तेव्हा सगळी घरी असतात." म्हणून २०१८ च्या जानेवारीत आम्ही उभयता निघालो.

रस्ते बर्फाने बंद, त्यामुळे दिल्लीहून विमान. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, हवा विरळ. पहिले दोन दिवस नुसते पडून राहायचे, जिना चढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मग जीप जाईल तिथपर्यंत जीप आणि पुढे तीन तास पायी. भंतेजी बरोबर होते म्हणून बरे. गावात विजेची तार नव्हती. भंतेजींच्या बहिणीच्या घरी आमचा नऊ दिवस मुक्काम झाला.

घर मातीच्या विटांचे, दोन मजली. खाली गाई, शेळ्या आणि याक-गाईच्या संकराची दोन जनावरे. वर माणसे. जनावरांची ऊब वर येते. आठ खोल्यांच्या त्या घरात हिवाळाभर सगळे जण एकाच खोलीत राहतात, म्हणजे स्वयंपाकघरात. मधोमध लोखंडी चूल, तिचा धुराडा छपरातून बाहेर गेलेला. सरपण म्हणजे गोवऱ्या आणि वाळुंजाच्या काटक्या, तेही मोजून. उन्हाळ्यात साठवलेला चारा नि सरपण गच्चीच्या कडेने रचून ठेवतात. किती उरले यावर आजीची रोज नजर. आजीला तिकडे 'आबी' म्हणतात, वडिलांना 'आबा' आणि गावच्या वैद्याला चक्क 'आमची'! हे ऐकून आम्हाला परके वाटेनासे झाले.

पहाटे ताई उठून राख काढी आणि चूल पेटवी. मीठ-लोण्याचा चहा होई. पहिल्या दिवशी तो घशाखाली उतरेना, चौथ्या दिवशी आम्हीच मागू लागलो. त्यात भाजलेल्या सातूचे पीठ कालवून खायचे. सातू आमच्या आजीकडेही असे, त्यामुळे ती चव ओळखीची निघाली. संध्याकाळी कणकेचे तुकडे अंगठ्याने दाबून सलगम-बटाट्याच्या रश्श्यात शिजवलेले 'स्क्यू'. बटाटे नि सलगम जमिनीत खड्डा करून पुरून ठेवलेले असतात, नाहीतर गोठून दगड होतील.

खरे कष्ट पाण्याचे. नळ गोठलेला. ओढ्यावर बर्फाला पहारीने भोक पाडलेले, ते रात्रीतून पुन्हा बंद होई. वीस लिटरचा डबा पाठीवर घेऊन दहा मिनिटांची चढण. आम्हाला हिशेबाची खोड, म्हणून मोजले. माणसे नि जनावरे मिळून रोज सात डबे. हातावर पाणी सांडले तर बोटे बधिर होत. आंघोळीचा विषय नऊ दिवसांत कोणी काढला नाही. आणखी एक कबूल करतो. पहिल्याच सकाळी आम्ही नकळत पाहून घेतले की गावाचा पाणवठा एक आहे की दोन. एकच होता.

आता संडासाचे सांगतो. वाचकहो, नाक मुरडू नका. तो घरातच, वरच्या मजल्यावर. जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग नि त्यात फावडे. विधी उरकला की दोन फावडी माती ढकलायची, चुलीची राखही तिथेच. पाण्याचा थेंब लागत नाही. खालच्या कोठडीत सारे साठते, कुजते आणि पेरणीच्या आधी शेतात जाते.

सहचारिणीने विचारले, "उपसते कोण?"

भंतेजींनी भाषांतर केले. आबींना प्रश्न समजला नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "ज्यांचे आहे ते! दुसरे कोण?" जावई, ताई, ती आबी, दीक्षेपूर्वी खुद्द भंतेजी, सगळ्यांनी ते खत 'चेपो' नावाच्या टोपलीत भरून पाठीवर वाहिलेले.

आमचे वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. टोपलीचे संडास त्यांनी उपसले. बंदीचा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा कडक कायदा २०१३ साली झाला, पण वडिलांची पाठ त्याआधीच वाकली होती. घरी आल्यावर बाहेरच्या मोरीत अंग धुतल्याशिवाय ते आम्हाला जवळ घेत नसत. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. टोपली तीच, पाठ तीच. इकडे तिची जात झाली, तिकडे तिचे खत झाले.

गच्चीवर सूर्यशक्तीची एक पाटी होती. सकाळी बर्फ पडलेले असले की झाडूने ती साफ करायची. तिच्यावर रात्री दोन दिवे चालत, तेही ढगाळ दिवस नसेल तर. एका दिव्याखाली जावई नि आबी लोकर कातत. दुसऱ्याखाली बारावीतली मुलगी अभ्यास करी. लेहच्या शाळेला हिवाळ्याची लांब सुट्टी, म्हणून ती घरी आलेली. दिवा मंद होऊ लागला की ती पुस्तक जवळजवळ नाकाला लावी. शहरातले सुखवस्तू लोक म्हणतात, विजेशिवाय किती शांत वाटते! आम्ही चिमणीच्या उजेडात बी. कॉम. केले आहे. आम्हाला त्यात शांतता दिसत नाही.

सातव्या दिवशी शेजारी लग्नाचे जेवण होते. हिवाळ्यात शेतीकाम नसल्याने लग्ने याच दिवसांत होतात. खोलीत भिंतीच्या कडेने बैठक होती, चुलीच्या बाजूला मानाची जागा आणि तिथून वय नि प्रतिष्ठेप्रमाणे दारापर्यंत रांग. आम्हाला पाहुणे म्हणून वर बसवले. अगदी शेवटी, जिथे दार उघडले की गार वारा येई, तिथे दमान वाजवणारा म्हातारा बसला होता. सगळ्यांपुढे ठेंगणे चौरंग होते, त्याच्यापुढे नव्हता.

भंतेजी हळूच म्हणाले, "मोन आहेत. वाजंत्री." मोन, बेडा नि लोहारकाम करणारे गारा यांची जागा खालचीच. मजा अशी की अनुसूचित जमातींच्या १९८९ च्या आदेशात या तिघांची नावे आहेत, आणि यजमानांच्या बोट जमातीचेही आहे. कागदावर सगळे एका रांगेत.

आम्ही दोघे उठलो आणि दाराशी जाऊन त्याच्याजवळ बसलो. आम्हाला वाटले, बरे केले. पण तो गडबडून उठला आणि आणखी खाली, थेट उंबऱ्याला टेकून बसला. सगळी खोली गप्प. आमच्यामुळे त्या बिचाऱ्याला आणखी थंडीत बसावे लागले. भंतेजी पेल्यात पाहत राहिले.

घरी परतल्यावर मुलीने हिंदीत विचारले, "तुम्ही का उठलात?" मग तिला चवदार तळ्याचे सांगू लागलो. १९२७ साल, मार्च महिना, बाबासाहेब, हजारोंची रांग तळ्याकडे निघालेली. भंतेजीही ऐकत होते. आबींसाठी ते भाषांतर करत होते की नाही, ते अंधारात कळले नाही, कारण मध्येच दिवा गेला. आबी म्हणाल्या, "झोपा आता."

सकाळी पाण्यावर गेलो तर म्हातारा आमच्या आधी आलेला. आम्ही पहार मागितली, त्याने दिली नाही, स्वतःच बर्फ फोडले. मग आमचा डबा ओढून घेतला, भरला आणि पाठीवर चढवायला हात दिला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. चढणीला लागलो. मागून मुलगी आपला डबा घेऊन धापा टाकत येत होती.

"अंकल," ती म्हणाली, "फिर महाड में क्या हुआ?"