हॉलमधली घरघर

सुटे भाग आणून आम्ही भावंडांनी हॉलमध्ये टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. फजरनंतर दादी त्यावर तिलावत ऐकायची. वर्षभरात आतला पंखा घरघरू लागला. आम्ही फक्त आवाज वाढवत गेलो. एक दिवस पाहिलं, तर दादीची जानमाज स्वयंपाकघरात. म्हणाली, "इथं शांत वाटतं, बेटा." तक्रारीचा एक शब्द नाही.

त्याच रात्री प्लग काढून डबा उघडला. हीटसिंकमध्ये धूळ दाटली होती. हवा अडल्याने प्रोसेसर तापे आणि पंखा जोरात फिरे. पाती बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. डब्याचा 80 मिलिमीटरचा पंखा काढला आणि पुढच्या रिकाम्या जागेत 120 चा बसवला; मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो. थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून स्क्रूऐवजी रबरी खुंट्या लावल्या. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे ठेवला.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर जानमाज पुन्हा हॉलमध्ये होती. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरातल्या माणसाला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.