सात मात्रांचा गल्ला

पैशाला आवाज असतो, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शंभराची कोरी गड्डी करकरते, दहाच्या जुन्या नोटा कुरकुरतात, आणि देवळाच्या दानपेटीतली चिल्लर टेबलावर ओतली की कॅशियरच्या तोंडून जो आवाज निघतो, तोही एका अर्थी पैशाचाच! पण या आवाजांचं गाणं करावं, असं आमच्या शाखेत कधी कुणाला सुचलं नाही. सुचलं ते ‘पिंक फ्लॉइड’ नावाच्या इंग्रज मंडळींना.

‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही त्यांची तबकडी १९७३ च्या मार्चमध्ये बाजारात आली. आमचा भाचा हिला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतो. म्हणजे काय, असं विचारलं तर “मामा, तू आधी ऐक” म्हणत त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. तबकडी हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. मधे घड्याळांचा गजर, धावपळ, पैसा, वेड आणि मरण. थोडक्यात, नोकरदार माणसाचा आठवडा!

त्यातलं ‘मनी’ हे गाणं मात्र मी अगदी धंदेवाईक कानाने ऐकलं. ते लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सची बायको कुंभारकाम करायची. तिच्या वाडग्यात यांनी नाणी घोळवली, जुन्या पेन्यांना भोकं पाडून त्या दोऱ्यात ओवल्या, कागद फाडले, गल्ल्याचा खणखणाट टिपला. (आमच्याकडे कुणी नाण्याला भोक पाडलं असतं, तर गाण्याआधी चौकशी लागली असती.) मग ध्वनिफीत पट्टीने मोजून कापली, एकेक आवाज चिकटवला आणि दोन्ही टोकं जोडून टाकली. फेरा संपला की पुन्हा पहिल्यापासून. असे आवाज मात्रा सांभाळून फिरवत ठेवणं आज संगणकावर पोरंटोरं करतात. तेव्हा त्याला कात्री लागे.

मात्रा मोजल्या तर सात! आपला रूपकसुद्धा सातच मात्रांचा, आणि त्याची पहिलीच मात्रा खाली. पैशाचं गाणं खालीवर सुरू व्हावं, हे पगारदाराला वेगळं समजावून सांगायला नको. पुढे गिटार रंगात आली की तीच मंडळी चारांच्या सरळ ठेक्यावर उतरतात.

हे गाणं पैशाच्या हावेची टिंगल करतं, आणि त्याच टिंगलीने पैशांचा पाऊस पाडला. १९७३ ते १९८८ या काळात ही तबकडी अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होती. आमच्याकडे एवढा काळ फक्त थकबाकीदारच यादीत राहतात! पुढे २००३ मध्ये ‘ईझी स्टार ऑल-स्टार्स’ने ती सबंध तबकडी रेगेत वाजवली, २००९ मध्ये ‘फ्लेमिंग लिप्स’ने आपल्या पद्धतीने वाजवली, आणि २०२३ मध्ये खुद्द वॉटर्सनेच ती पुन्हा गायली.

या सगळ्या जमेत एक नोंद मला खुपते. मरणावरच्या एका रचनेसाठी, १९७३ च्या जानेवारीत एका रविवारी, क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला बोलावलं होतं. शब्द नव्हते, चालही नव्हती. रिचर्ड राइटच्या पियानोवर ती नुसत्या आवाजाने आक्रोश करत गेली, थकली, शांत झाली. मोबदला ३० पौंड. तोही सुट्टीचा दिवस म्हणून दुप्पट दराने! आपला आवाज तबकडीत घेतला, हे तिला दुकानात तबकडीवर नाव पाहिल्यावर कळलं.

तिने २००४ साली दावा लावला. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि राइटच्या जोडीला रचनाकार म्हणून तिचंही नाव लागलं. नोंद दुरुस्त व्हायला बत्तीस वर्षं! रक्कम बाहेर आली नाही, आणि मलाही ती विचाराविशी वाटत नाही. मी लोकांच्या पैशांचे हिशेब जुळवत आलो, पण त्या साडेचार मिनिटांच्या आवाजासमोर कुठला आकडा लिहावा, हे मला आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकांत सापडत नाही.

मूळ तबकडीची रचना मात्र एखाद्या जुन्या मुनीमजीने केल्यासारखी आहे. पहिली बाजू त्या बाईच्या आवाजाने संपते. सुई उचलायची, तबकडी उलटायची, की दुसऱ्या बाजूला पहिला आवाज येतो तो गल्ल्याचा.